मागला मोठा

सुपडूनं किकवर सगळं अंग टाकलं आणि फटफटीनं त्याला उलटा फेकला. किकचा दांडा गेला तसाच वर परतला आणि नडगीवर बसला. धोतराच्या काठाखालून रक्ताची रेघ टाचेपर्यंत उतरली. निंबाचा बुंधा धरून तो क्षणभर उभा राहिला, मग लंगडत पुढं आला, जमिनीवरचा पाना उचलला आणि भिरकावला. पाना फटफटीला लागला नाही, ओसरीजवळच्या रांजणाला लागला. रांजणाचं अर्धं पोट गळून पडलं आणि तुळशीनं पहाटेपासून भरलेलं पाणी अंगणभर पसरलं.

"इनी मन्हा पाय तोडी टाका!"

"पाय तुटना नही, कातडं सोलाई गयं," ओसरीवर शेंगा फोडत बसलेली त्याची आई धनुबाई म्हणाली. "आनि रांजणनी तुन्हं काय करं व्हतं?"

तुळशी, त्याची बायको, घरातून बाहेर आली. ती वाकून खापऱ्या वेचू लागली. पाना घ्यायला आलेल्या सुपडूच्या वाटेत ती होती, म्हणून त्यानं तिच्या पाठीला गुडघा दिला. ती खापऱ्यांवर दोन्ही हात टेकून पडली. उठली, तळवा लुगड्याला पुसला आणि पुन्हा वेचू लागली.

धनुबाईनं शेंग फोडली. दाणे किडके निघाले, ते तिनं कोंबड्यांपुढं टाकले.

तिला झालेली पहिली तीन पोरं वर्षाच्या आत गेली होती. चौथा झाला तेव्हा सुइणीनं त्याला सुपात घातलं, उकिरड्यावरून ओढून आणलं आणि मूठभर जोंधळ्यांना धनुबाईनं स्वतःचाच पोर विकत घेतला. देवाची नजर चुकवायची तर एवढं करावंच लागतं. नाव पडलं सुपडू. पुढं त्याच्या अंगावर कुणी बोट उगारलं नाही. बाप गेल्यावर तर नाहीच नाही. आता तो तेहेतीस वर्षांचा होता, शंभर बिघे काळीचा मालक होता, आणि गावात त्याच्यासमोर जोरात खोकायचीसुद्धा चोरी होती.

फटफटी त्यानं धुळ्याहून आणली होती. रस्त्याचं काम पाहणारा कुणी इंग्रज विलायतेला परत गेला, त्याची. दोन सिलिंडरांची, काळी, रेड्यासारखी रुंद. महिनाभर ती नुसती गोठ्यात उभी होती आणि गायी तिला भिऊन आटल्या होत्या. मग तळोद्याच्या बाजारात सुपडूची आणि घोडेवाल्या उदेसिंगची गाठ पडली. उदेसिंगकडं एक पांढरी घोडी होती आणि ओठावर हसू होतं. दोन्ही सुपडूला सोसण्यासारखी नव्हती. "तुमची फटफटी कोंबड्या हाकलायला बरी," उदेसिंग चार माणसांत म्हणाला. सुपडूनं तिथल्या तिथं पैज मारली. सारंगखेड्याच्या यात्रेत, घोड्यांच्या बाजारामागच्या मोकळ्या रानात, घोडी आणि फटफटी. जो हरेल त्यानं यात्रेच्या मध्यावर बसून मिशी भादरून घ्यायची.

ती पैज आज दुपारची होती.

फटफटी सुरू व्हायची, पण तिच्या पोटात भांडण होतं. एक सिलिंडर ओढायचा तेव्हा दुसरा अडायचा; हिसके देत, फुसफुसत, मध्येच बंदुकीसारखी उडत ती अंगणातल्या अंगणात थरथरायची. काल जिनिंग फॅक्टरीतला भिला मिस्त्री येऊन बघून गेला. त्यानं सांगितलं, पेट्रोल पाजणारे कारबुरेटर दोन आहेत, एक पुढचा आणि एक मागचा. दोघांत एकेक पडदा. मूठ फिरवली की दोन्ही पडदे एकाच वेळी, सारखेच उघडले पाहिजेत. जोडीतला एक बैल आधी निघाला आणि दुसरा मागून, तर गाडी कशी चालेल, तसं हे. यंत्र चालू ठेवून दोन रबरी नळ्या घ्यायच्या. एकीचं तोंड पुढच्या कारबुरेटरशी धरायचं, दुसरीचं मागच्याशी, आणि दुसरी टोकं दोन कानांत. ज्याचा श्वास मोठा, तो जास्त उघडा. मग लहान असलेल्याच्या तारेवरचा पेच फिरवत जायचं, दोन्ही श्वास एक होईपर्यंत.

"तू का नाही ऐकत?" सुपडूनं विचारलं होतं.

"जिनच्या इंजिनानं माझे कान कधीच खाल्ले, पाटील," भिला म्हणाला होता. "घरातलंच कुणी बसवा." आणि कापसाच्या गाड्या खोळंबल्यात म्हणून नळ्या तिथंच टाकून तो निघून गेला होता.

घरातलं कुणी म्हणजे दोघीच. सुपडूनं आईकडं पाहिलं होतं. धनुबाईचे कान गावाला माहीत होते. चार घरं पलीकडं कुणी कुजबुजलं तर तिसऱ्या दिवशी तिच्या तोंडून ते ऐकायला मिळायचं. पण ती म्हणाली होती, "मी पाटलीन शे. आते फटफटीना पोटले कान लावू का?"

म्हणून तुळशी.

आता सुपडूनं नडगीला चिंधी गुंडाळली आणि पुन्हा किक मारली. या वेळी यंत्र पेटलं. निंबावरचे कावळे उडाले. धुराचा लोट ओसरीत घुसला तशी धनुबाईनं पदर नाकाला लावला.

"ये वो! बठ!"

तुळशी फटफटीशेजारी उकिडवी बसली. सुपडूनं तिच्या कानांत नळ्या खुपसल्या. पुढच्या कारबुरेटरची डाव्या कानात, मागच्याची उजव्या. त्याच्या बोटांना तेल होतं, ते तिच्या गालांवर काळं उमटलं. यंत्राच्या धक्क्यानं तिचं डोकं हलत होतं.

"कोनता मोठा?"

"मागला."

सुपडूनं पुढच्या तारेचा पेच अर्धा आटा फिरवला.

"आते?"

"मागलाच."

अजून अर्धा आटा. यंत्राचा सूर चढला, पण हिसके गेले नाहीत, उलट वाढले. तुळशीनं डोळे मिटून घेतले होते. कपाळावर आठी होती; मनापासून ऐकणाऱ्या माणसाच्या कपाळावर असते तशी.

"आते सांग. नीट ऐक."

"मागला मोठा शे."

"अजून?"

"हो."

त्यानं पेच फिरवला, फिरवला, आणि तिच्याकडं पाहिलं. ती पुन्हा तेच म्हणाली. इतक्यात यंत्र दणकन उडालं, निळी ज्वाळ बाहेर आली आणि पेचावर असलेला सुपडूचा हात होरपळला. मनगटावरचे केस जळल्याचा वास आला. त्यानं हात काखेत दाबला आणि त्याच वळशात दुसऱ्या हाताची मूठ तुळशीच्या तोंडावर मारली. नळ्या निसटल्या. ती मागं, तेलाच्या थारोळ्यात बसली. खालचा ओठ दातावर फाटला होता.

"कान शेतस का कवड्या? मुद्दाम सांगी ऱ्हायनी ना? मन्ही मिशी जावाले पाहिजे ना तुले?"

"मी खोटं कसाले सांगू?" तुळशी म्हणाली. शब्द रक्तातून आले.

"यंत्र बंद कर आधी," धनुबाई ओसरीवरून ओरडली. "मारनं तर सावकाश मार, मन्ही ओसरी कसाले काळी करस?"

हे ती नेहमीच्या सुरात म्हणाली. या घरात असं काही चाललं की ती नेहमी याच सुरात बोलायची, आणि पुष्कळदा त्यानं काम भागायचंही; सुपडूचा हात खाली यायचा. आजही आला. त्यानं यंत्र बंद केलं. एकदम पडलेल्या शांततेत तो तुळशीच्या डाव्या अंगाला वाकला, तिच्या केसांचा बुचडा मुठीत धरला आणि तोंड तिच्या कानाला लावून हळू, अगदी हळू बोलला.

"आज हारनू ना, ते उद्या पहाटे तुले बी त्याच विहीरवर पाणीले धाडसू. शांतीनागत."

ते ओसरीपर्यंत पोचायला नको होतं. पण धनुबाईचे कान ते कान. तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

शांती सुपडूची पहिली बायको. सात वर्षांपूर्वी पौषात ती घरामागच्या मळ्यातल्या विहिरीत गेली होती. शेवाळावरून पाय घसरला, असं पोलीस पाटलाला धनुबाईनंच सांगितलं होतं. पाटील नात्यातला होता आणि विहिरीला शेवाळ होतंच.

धनुबाईनं तुळशीच्या चेहऱ्याकडं पाहिलं. असं ऐकल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो, हे तिला पाहायचं होतं. पण तुळशीच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. ती ओठ चाचपत होती. सुपडूनं बुचडा सोडला, तशी तिनं त्याच्याकडं मान वळवून पाहिलं, जणू तो आत्ता काहीतरी बोलणार होता.

सुपडू हाताला तूप लावायला आणि यात्रेचा फेटा बांधायला आत गेला. आतून त्यानं दारूच्या बाटलीचं बूच उपटल्याचा आवाज आला.

धनुबाई उठली. गुडघ्यावर हात देत पायऱ्या उतरली, फटफटीपाशी आली आणि तुळशीच्या समोर बसली. बसायला तिला वेळ लागला.

"नळ्या घाल कानमा."

"यंत्र बंद शे, आत्या."

"घाल सांगं ना."

तुळशीनं नळ्या कानांत घातल्या. धनुबाईनं त्यांची दुसरी टोकं हातात घेतली. आधी तिनं पुढची, तुळशीच्या डाव्या कानातली, तोंडाशी धरली आणि जोरात फुंकली. तुळशीची पापणीही हलली नाही. मग धनुबाईनं तोंड नळीला चिकटवलं.  सात वर्षांत जे तिनं देवापुढंही काढलं नव्हतं, ते तिनं त्या रबराच्या भोकात सांगितलं.

"शांती पाय घसरीसन पडनी नव्हती. मी दखं व्हतं. मागला दारमा उभी व्हतू मी."

तुळशी तिच्याकडं पाहत होती. आज्ञाधारक, ओठ सुजलेली, काहीच न कळलेली.

धनुबाईनं ती नळी सोडली आणि दुसरी तोंडाशी धरली.

"तुळशी."

तुळशी दचकली. "जी, आत्या?"

अंगणात कोंबड्या किडके दाणे टिपत होत्या. आत सुपडू फेट्याचा पीळ आवळताना खाकरत होता.

"कव्हयपासून?" धनुबाईनं त्याच नळीतून विचारलं.

 तुळशी नळ्या काढून मांडीवर ठेवत म्हणाली, "आखाजीपासून."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तुळशीचा भाऊ तिला माहेरी न्यायला आला होता. साऱ्या खानदेशातल्या पोरी त्या सणाला माहेरी झोका खेळायला जातात. सुपडूनं भावाला दारातून परत पाठवलं, आणि ती रडली म्हणून डाव्या कानफटात दिली. कानातून रक्त आलं होतं. धनुबाईनंच लसणाचं तेल कोमट करून घातलं होतं आणि म्हणाली होती, एवढ्यानं कुणी मरत नाही.

"कसाले नही सांगं?"

"कोनले सांगू?" तुळशी म्हणाली.

तिनं ते टोचून म्हटलं नव्हतं. तिला खरंच कुणाचं नाव सुचत नव्हतं. धनुबाईची जीभ गावात प्रसिद्ध होती. तिच्यापुढं जिल्ह्याहून आलेला कारकूनही शब्द जपून वापरायचा. या वेळी मात्र तिनं विषयच बदलला.

"आनि त्याले सांगी ऱ्हायनी मागला मोठा, मागला मोठा?"

"डाव्या नळीमा काहीच येत नव्हतं, आत्या. माले वाटनं, तो लहानच व्हई."

म्हणजे पुढचा पडदा सकाळपासून नुसता उघडत चालला होता. धनुबाईनं पुढच्या तारेवरचा पेच पाहिला. तो जवळजवळ शेवटच्या आट्यापर्यंत बाहेर आला होता.

सुपडू बाहेर आला. डोक्याला केशरी फेटा, मिशीला तूप, डोळे तांबारलेले. हातात बैलाच्या गळ्याची साखळी होती. ती त्यानं मनगटाभोवती एक वेढा देऊन धरली होती.

"बठ. शेवटनं ऐक. आते बी मागला सांगं ना..."

पुढचं त्यानं सांगितलं नाही. साखळी एकदा सीटवर आपटली. कातडं फाटलं आणि आतला काथ्या बाहेर आला. तुळशी नळ्या घेऊन खाली बसायला लागली. पहिली नळी कानाऐवजी गालाला लागली.

"उठ वो," धनुबाई म्हणाली. "मी ऐकस."

सुपडू थांबला. "तू?"

"का? मन्हा कान सडना का?"

"तुन्हा अंगले तेल लागी, माय."

"लागू दे. इनी भरोसे ऱ्हायना ते तुन्ही मिशी गयी." तिनं तुळशीच्या हातातून नळ्या हिसकल्या आणि तिला खांद्यानं बाजूला सारलं. तुळशी निंबाखाली जाऊन उभी राहिली. "ती साखळी खाले ठेव. तिना आवाजमा माले काही ऐकू येत नही."

त्यानं साखळी टाकली. त्याला हायसं वाटलं, ते त्याच्या खांद्यांवर दिसलं. आईनं एखादी गोष्ट हातात घेतली की ती होते, हे त्याला सुपात होता तेव्हापासून माहीत होतं.

त्यानं किक मारली. धनुबाईनं नळ्या कानांत घातल्या आणि डोळे मिटले.

आधी नुसता गोंधळ ऐकू आला. मग तो दोन ठिकाणी फुटला. उजवीकडं मागचा कारबुरेटर, बारीक, सुतासारखा. डावीकडं पुढचा; धापा टाकणारा, तोंड वासून हवा गिळणारा. दोघांत जमीन-अस्मानाचा फरक होता. लहान पोरीलाही कळला असता.

"मूठ फिराव," ती ओरडली.

त्यानं फिरवली. दोन्ही गर्जले.

"सोड."

त्यानं मूठ सोडली. मागचा लगेच दबला, पार दोऱ्याएवढा झाला. पुढचा दबला नाही. मूठ सोडली होती, तरी तो ओढतच राहिला, ओढतच राहिला.

धनुबाईनं आयुष्यभर बैल पाहिले होते. कासरा ओढल्यावर जोडीतला एक थांबला आणि दुसरा थांबलाच नाही, तर सपाट रानात काही होत नाही. माणूस उडी मारतो, शिव्या देतो, झालं. उताराची गोष्ट वेगळी. आणि यात्रेचा रस्ता गावाबाहेर पडला की खडकाळ नाल्यात उतरत होता. दोन्हीकडं उभी दरड, मध्ये गाडीपुरती चाकोरी, तळाशी काळा दगड.

"आते?" सुपडूनं विचारलं.

तिनं डोळे उघडले. समोर त्याचा चेहरा होता. उजव्या नाकपुडीला लहानपणी टोचलेलं भोक अजून दिसत होतं. जगावा म्हणून टोचलेलं. त्याच्या खांद्यावरून पलीकडं निंबाखाली तुळशी उभी होती. हनुवटीवरून ठिबकणारं रक्त ती पदरात झेलत होती, अंगण खराब होऊ नये म्हणून.

"माय! कोनता मोठा?"

"एक शेतस," धनुबाई म्हणाली.

"दोन्ही?"

"दोन्ही. जुळनात."

"पन हिसका देस ना अजून."

"बंद पडेल वस्तू शे. चालीसन मोकळी व्हई." ती नळ्या कानांतून काढत म्हणाली. "का मन्हा कानवर भरोसा नही तुन्हा?"

सुपडू हसला. आज दिवसात पहिल्यांदा. त्यानं पुन्हा मूठ फिरवून सोडली. यंत्र खाली आलंच नाही, वरच्या वर गुरगुरत राहिलं. त्यानं मांडीवर थाप मारली.

"दख माय, सोडी तरी दबत नही! काय जोर शे! उदेसिंगनी घोडी आज धूळच खाई!"

धनुबाई नळ्या गुंडाळत होती. दोन्ही सारख्या गुंडाळून तिनं त्यांना गाठ मारली.

सुपडू खाली उतरला आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं. मोठ्या कामाला निघताना तो हे कधी चुकत नसे. तेवढं वळण तिनं त्याला लावलं होतं. तिचा हात फेट्यावर गेला. तिथंच राहिला. तोंडातून नेहमीचा आशीर्वाद निघाला नाही. तो निघण्याची सुपडूनं क्षणभर वाट पाहिली, मग आई धुरानं घुसमटली असेल असं वाटून तो उठला.

"रातले कोंबडा काप," तो तुळशीकडं न पाहता म्हणाला. "पाच-सात जन येतीन मन्हासंगे."

फटफटी अंगणातून सुटली ती कुंपणाची काटी घेऊनच. गल्लीत एक शेळी ओरडली, कुणीतरी पोरांना आत ओढलं. मग आवाज वेशीतून बाहेर पडला आणि कापसाच्या रानांमधून लांब जाऊ लागला.

तुळशी खराटा घेऊन पाणी लोटायला लागली. धनुबाई वेशीकडं तोंड करून ओसरीच्या खांबाला धरून उभी राहिली. सपाटीवरून जाणारा आवाज तिला स्पष्ट ऐकू येत होता. हिसके, फुसफुस, आणि मध्येच तो बंदुकीसारखा बार. पिंपळाशी वळला. आता बर्व्याच्या मळ्याशी. आता उतरण.

उतरणीला आवाज खाली यायला हवा होता. तो आला नाही. वर गेला. आणखी वर गेला. मग त्यात माणसाचा आवाज होता की नव्हता, ते धनुबाईलाही सांगता आलं नसतं. मग एक भलतंच मोठं, लोखंड दगडावर आपटल्यासारखं काही झालं, आणि नाल्याकडच्या बाभळींवरून पाखरांचा थवा उठला.

त्यानंतर काहीच ऐकू आलं नाही. नाल्याच्या पलीकडच्या चढावर फटफटी चढली असती, तर तिचा आवाज पुन्हा यायला हवा होता. धनुबाईनं तेवढा वेळ वाट पाहिली. त्याहून थोडी जास्त पाहिली. तिच्या नखांखाली खांबाच्या लाकडाची कुसळं गेली होती.

तुळशी खराटा मारत होती. तिनं मान वर केली नव्हती.

धनुबाई घरात गेली. चूल अजून निखाऱ्यावर होती. टोपल्यातल्या सकाळच्या दोन भाकरी तिनं काढल्या, वर तिखट घातलं, तेल सोडलं, आणि ताट घेऊन बाहेर आली. तुळशीच्या डाव्या बाजूनं ती येत होती. मध्येच वळली, अंगणाला वळसा घालून तिच्या उजव्या हाताला आली.

"खाई ले."

तुळशीनं ताटाकडं पाहिलं आणि मग तिच्याकडं. या घरात पुरुष जेवल्याशिवाय बायका जेवत नसत, आणि सासू जेवल्याशिवाय सून.

"त्या येतीन ना यात्राहून. मंग..."

"आतेच खाई ले. बठ."

"आनि तुम्ही?"

"माले भूक नही."

तुळशी पायरीवर बसली. फाटलेल्या ओठाला तिखट झोंबलं, तशी तिनं श्वास आत ओढला. धनुबाई आत जाऊन ताक घेऊन आली आणि भाकरी ताकात कुस्करून दिली. तिला पोटभर खायला लावायचं म्हणून ती तिथंच, समोर बसून राहिली. तुळशीनं एक भाकरी संपवली आणि हात आखडला.

"दुसरी बी."

"इतली नही जात, आत्या."

"घाल पोटमा. पुढला दिन लांब शेतस."

तुळशीला काही कळलं नाही, पण सासूच्या आवाजात काहीतरी असं होतं की तिनं दुसरी भाकरी उचलली. धनुबाईनं वेशीकडं पाहिलं. रस्ता रिकामा होता. अजून कुणी धावत येत नव्हतं.

तुळशीचा शेवटचा घास झाल्यावर धनुबाईनं ताट स्वतः उचललं. आत गेली. पाण्यानं भरलेला तांब्या घेतला आणि चुलीतल्या निखाऱ्यांवर सावकाश ओतला. राख फसफसली, धूर भिंतीला जाऊन लागला. मग ती त्या चुलीसमोर, पदर डोक्यावरून पुढं ओढून, बातमी येईपर्यंत बसून राहिली.